नऊ माणसं, चार बर्थ आणि मोठ्या महादेवाचा घाट

वरूड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदार कुटुंबाचं हे प्रकरण आहे. त्यांच्या इच्छेनुसार नावं गाळली आहेत. घरात नऊ माणसं: चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, त्यांना मधुमेह आणि रोज इन्सुलिन, सत्तरीतली आजी, गुडघे गेलेले आणि घाट लागला की मळमळ, दोन मुलं, दोन सुना आणि तीन नातवंडं. जायचं होतं मध्य प्रदेशातल्या पचमढीला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत मोठ्या महादेवाला. आजीचा नवस होता, चौरागडाच्या महादेवाला त्रिशूळ वाहायचा. धाकट्या मुलानं मोबाइलवर झोपायच्या सोयीची कॅम्पर गाडी पाहिली आणि ठरवून टाकलं की यंदा घरच सोबत न्यायचं. आजोबांचं त्यावरचं मत: "आमच्या टायमाले बंडीनं (बैलगाडीनं) गेलो महादेवाले. आता हे पोट्टे म्हंतेत घरच घेऊन जाऊ."

मी एसटीत चालक होतो. निवृत्तीनंतर गावातली मंडळी रस्ता विचारायला येतात, तसा धाकटाही आला. त्याच्या हातात दोन पानांची यादी होती. घाटाबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

तारीख कोणी ठरवली

तारीख बागेनं ठरवली. आंबिया बहार, म्हणजे थंडी सरतानाचा संत्र्याचा मोहोर, धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडांना ताण द्यावा लागतो, म्हणजे बागेचं पाणी तोडतात. ताण मोडून पाणी सुरू केलं की पुढचे काही आठवडे घर सोडता येत नाही. त्याआधी ऑक्टोबर ते डिसेंबर तोड्याची आणि व्यापाऱ्याची धावपळ, सोबत कापसाचे वेचे. मोकळा मिळतो तो जानेवारीचा पहिला-दुसरा आठवडा, संक्रांतीच्या आतला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मी आधीच खोडला होता, कारण नाताळ ते नववर्ष पचमढीत गाडी उभी करायला जागा मिळत नाही.

पण बाग ताणावर असली तरी गहू आणि हरभरा ताणावर नसतात. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. नेमका तो आठवडा रात्रपाळीचा निघाला. गव्हाला पाणी कोण देणार आणि दोन म्हशी कोण दोहणार, हे ठरायला गाडी ठरवण्याहून जास्त दिवस लागले. शेवटी मोठ्या सुनेच्या भावाला बोलावलं. सहलीचं नियोजन म्हणजे मुक्काम आणि पेट्रोलपंप असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे ओलिताचं शेत नसावं.

गाडी

पहिला प्रस्ताव मोठ्या मुलाचा. ओळखीच्या एकाकडे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर पडून आहे. मागच्या सीटा काढायच्या, गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पलंग आणि ओटा बसवून घ्यायचा, खर्च निम्म्याहून कमी. हा प्रस्ताव मी लगेच बाजूला ठेवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीपुस्तकातला तपशील वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. कायदा सोडला तरी अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. वेल्ड केलेला पलंग जोरात ब्रेक लागल्यावर जागेवर राहील का, हे ना वेल्डर सांगू शकत होता ना मी.

दुसरा पर्याय नागपूरहून भाड्यानं मिळणारी तयार कॅम्पर. बसायला सात, झोपायला चार. तिच्याबाबत तीन गोष्टी तपासून घ्यायला सांगितल्या. नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं देणारे भेटतात. स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विम्याचं गाडं तिथंच अडतं. दुसरं, अखिल भारतीय पर्यटक परवाना. आपण महाराष्ट्र सोडून मध्य प्रदेशात जाणार; २०२३ च्या नियमांखालचा हा परवाना गाडीला असेल तर पांढुर्ण्याच्या अलीकडे सीमेवर वेगळ्या करासाठी थांबावं लागत नाही. तिसरं, चालक. धाकट्याला स्वतः चालवायची हौस होती आणि कायदा त्याच्या आड येत नव्हता: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं भाड्यानं चालणारं (ट्रान्सपोर्ट) वाहनही चालवू शकतो. तरी मी मालकाचाच चालक घ्यायला लावला. उंच, अरुंद, मागून जड गाडी सपाट रस्त्यावर शिकायची असते. वाटेतल्या सिल्लेवानी घाटाच्या वळणावर शिकायला जागाही नसते आणि मागचे थांबतही नाहीत.

आता नऊ माणसं आणि सात सीटा. म्हणून घरची बोलेरोही निघाली. धाकट्याचं तोंड पडलं, सगळे एकाच गाडीत ही त्याची मूळ कल्पना होती. पुढे पाहाल, ही दुसरी गाडी नसती तर बेत उभाच राहिला नसता.

वजन

यादीत काय नव्हतं! चौदा किलोचा सिलिंडर, जोडीला एक छोटा; गव्हाच्या पिठाचा डबा, तांदूळ, डाळी, लोणच्याची बरणी, चार गाद्या, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, पाट्यासकट वरवंटा (आजीला मिक्सरची चटणी चालत नाही), कोळशाची शेगडी, आणि नवसाचा पाच फुटी लोखंडी त्रिशूळ.

बेरीज करून दाखवली. पाण्याची टाकी शंभर लिटरची म्हणजे शंभर किलो. आत सहा माणसं, सरासरी साठ किलो धरली तर तीनशे साठ. यादीतलं सामान दोनशेच्या घरात. पलंग, ओटा, बॅटरी, शौचालय हे सगळं आधीच गाडीत बसवलेलं असतं, त्यामुळे साध्या ट्रॅव्हलरपेक्षा वर घ्यायला वजन कमीच उरतं. मालकानं दाखवलेल्या कागदाशी ताडून पाहिलं तर आपण मर्यादेच्या पलीकडे जात होतो.

चढताना जास्त वजनानं इंजिन तापतं, ते काट्यावर दिसतं आणि माणूस थांबतो. धोका उतारावर आहे. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की घासून गाडी थांबवणारे ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास येतो, आणि मग पाय दाबला तरी गाडी पकडत नाही. एसटीत आम्हाला पहिल्यापासून एकच सांगत: ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर, वेग इंजिननं धर, ब्रेक थोडा दाबायचा आणि सोडायचा. दोन नियम घरच्यांनाही माहीत असावेत म्हणून लिहून दिले. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, उतरणाऱ्यानं थांबायचं. २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही हेच आहे. आणि गाडी चालू असताना पलंगावर कोणी आडवं व्हायचं नाही, नातवंडं कितीही रडली तरी. सीटबेल्ट ज्या जागी आहे तीच बसायची जागा.

मग काटछाट सुरू झाली. टाकी तीस लिटरच भरायची, तीही मुक्कामाच्या गावी. घाटात अर्धवट टाकीतलं पाणी हिंदकळतं म्हणून चढणीआधी आणखी कमी करायचं. खुर्च्या गेल्या. वरवंटा गेला, त्यावर आजी दोन दिवस बोलली नाही. त्रिशूळ मी कॅम्परमध्ये ठेवूच दिला नाही: अचानक ब्रेक लागला की पाच फुटी टोकदार लोखंड आतल्या माणसांकडेच येणार. तो बारदान्यात गुंडाळून बोलेरोच्या कॅरिअरला दोन ठिकाणी बांधला.

शेगडीवर मात्र मी आवाज चढवला. जानेवारीत पचमढीत पारा पाच अंशांच्या आसपास येतो, म्हणून रात्री आत शेगडी ठेवायची असा आजीचा विचार. बंद गाडीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो. गॅस पेटवून ऊब घेणं, इंजिन चालू ठेवून झोपणं, दोन्ही त्याच कारणानं बाद. धाकटा म्हणाला, मग हीटर लावू. हिशेब सांगितला: बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासाची साधी बॅटरी म्हणजे अठराशे वॉट-तास, त्यातले निम्मेच वापरावेत. दीड हजार वॉटचा हीटर अर्ध्या तासात ते संपवेल. वाकळ घ्या, कानटोपी घ्या, गाडीची एक काच बोटभर उघडी ठेवा.

ओटा कोणासाठी

इथपर्यंत सुना गप्प होत्या. बैठकीत पुरुष बोलत होते, त्या आतून चहा पाठवत होत्या. मोठ्या सुनेला मी मुद्दाम विचारलं, तुमचं काय म्हणणं? ती दारातूनच म्हणाली, "भाऊजी, गाडीत ओटा हाय म्हणजे तिथीबी पोया मीच लाटाच्या. मंग घरीच काय वाईट हाय?"

या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे असं मला वाटतं. घर सोबत न्यायचं म्हटलं की घराचं कामही चढतं गाडीत. दीड हात रुंदीच्या ओट्यावर नऊ जणांच्या तीस-पस्तीस पोळ्या, खरकटी भांडी, तीस लिटरच्या टाकीतून धुणं, आणि बाहेर सासरे-नवरे डोंगर पाहत बसलेले. जाहिरातीत चहाचा कप हातात घेऊन दाराशी बसलेली बाई दिसते. तो कप नंतर कोण विसळतं हे दाखवत नाहीत.

यावर घरात वाद झाला. आजोबांचा मुद्दा चुकीचा नव्हता: त्यांना बाहेरचं तेलकट चालत नाही, इन्सुलिन घेतल्यावर जेवण वेळेवर हवं. ते एवढं सांभाळायचं ठरलं. ओट्यावर फक्त चहा, दूध आणि आजोबांची सकाळची दलियाची वाटी. ती वाटी करायची मोठ्या मुलानं. दोन दिवस टिकेल अशी शिदोरी घरून: दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या पोळ्या. बाकी जेवण धाब्यावर आणि मुक्कामाच्या लॉजवर, साधं वरण-भात आधी सांगून. पिठाचा डबा आणि मोठा सिलिंडर यादीतून गेले तेव्हा वजनाचा प्रश्नही बराच सुटला. मी दोन तास गिअर आणि लायनर समजावत होतो, ते काम सुनेच्या एका वाक्यानं झालं.

फ्रिजचंही तसंच. कॅम्परच हवी याचं मोठं कारण धाकट्यानं इन्सुलिन सांगितलं होतं. वरूडच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण वापरात असलेली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते. फक्त उन्हात, इंजिनजवळ ठेवू नका आणि गोठू देऊ नका. जानेवारीच्या थंडीत पाच दिवसांसाठी फ्रिज लागणारच नव्हता.

राहिलं शौचालय. आजोबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणून ते हवं होतं आणि ते कारण खरं आहे. पण अशा गाडीतल्या शौचालयाची टाकी वीस लिटरची. ती रिकामी कुठे करणार? आपल्याकडे त्यासाठी वेगळी जागा वाटेत मिळत नाही, आणि जंगलात ओतायची म्हणणाऱ्या माणसाला मी गाडीत बसवणार नाही. ठरलं ते असं: फक्त रात्री, फक्त आजी-आजोबा, आणि सकाळी लॉजच्या शौचालयात मालकाला विचारून रिकामी.

रस्ता आणि मुक्काम

दोन वाटा होत्या. मुलताईवरून बैतूल, इटारसी, पिपरिया करत मागून चढायचं. चौपदरी रस्ता बराच, पण वळसा मोठा. किंवा पांढुर्णा, सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, तामिया, मटकुली. दुसरी घेतली. अंतर कमी, आणि आजीला सौंसरजवळ जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाचं दर्शन हवं होतं.

पहिल्या दिवशी पचमढी गाठायचीच नाही, हा माझा आग्रह. जानेवारीत सहाच्या आत सूर्य मावळतो आणि तामियाच्या पुढचा रस्ता जंगलातून जातो. मधे मोबाइलला नेटवर्क राहत नाही. डिझेल छिंदवाड्यात भरायचं, मुक्काम तामियात, चारच्या आत. गाडी रात्री कुठेही उभी करून झोपू, ही कल्पना सातपुड्यात चालत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत तर नाहीच. म्हणून दोन्ही ठिकाणी असे लॉज शोधले जिथं आवारात गाडी उभी करू देतील, विजेची जोडणी देतील आणि सोबत दोन खोल्या मिळतील. खोल्या कशाला, म्हणून धाकटा पुन्हा रुसला. चार बर्थ आणि नऊ माणसं, एवढंच मी म्हणालो.

तामियाला दुसरा फायदा पाताळकोटचा. कड्यावरून खाली दरी दिसते, तिथं भारिया समाजाची गावं आहेत. खाली उतरायचं नाही, गुडघे पाहता वरूनच पाहायचं. मग देलाखारीवरून मटकुली आणि तिथून पचमढीचा शेवटचा घाट, दिवसाउजेडी.

पचमढीत पोचल्यावर कॅम्पर लॉजच्या आवारातून हलवायची नाही. धूपगड १३५२ मीटरवर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर. तिथं वनखात्याच्या परवानगीनं स्थानिक जिप्सीनंच जावं. जटाशंकर, बडा महादेव, गुप्त महादेव बोलेरोनं. चौरागडाला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत. आजी-आजोबा पायथ्याशी बसणार, त्रिशूळ दोन्ही मुलं आणि मोठा नातू नेणार. नवस आजीचा आणि पाय मुलाचे, हे महादेवाला चालतं का यावर अर्धा तास चर्चा झाली. आजीनंच निकाल दिला, "त्याले समदं समजते."

आजीच्या मळमळीसाठी जागा बदलली. कॅम्परमधल्या आडव्या सीटवर बसलं की वळणावर पोट जास्त ढवळतं. तिला बोलेरोत पुढे, समोर रस्ता दिसेल अशी. पोटात थोडंसं कोरडं खाणं आणि निघण्याआधी डॉक्टरांनी दिलेली गोळी.

सालबर्डीची चाचणी

भाड्याची गाडी आदल्या दिवशी दुपारीच बोलावली. सालबर्डीला नेऊन आणायची, हे माझं सांगणं. मोर्शी तालुक्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेवरचं हे महादेवाचं ठाणं. रस्त्याला चढ-उतारही आहे. तिथं पुरुषांनी गोवऱ्या पेटवून रोडगे लावले, वांग्याची भाजी आणि वरण केलं. रोडगे पुरुषांनीच करायचे हा आपल्याकडचा रिवाज, त्यामुळे कोणाला समजवावं लागलं नाही.

चाचणीत दोन गोष्टी उघड्या पडल्या. शौचालयाच्या दाराची कडी वळणावर आपोआप निघत होती. चालकानं ती बदलून घेतली. आणि कॅम्परची पायरी जमिनीपासून इतकी उंच की आजी दोघांच्या आधाराशिवाय चढू शकली नाही. रात्री अंधारात ती एकटी कशी उतरेल? तिथंच ठरलं की आजी-आजोबा खोलीत झोपतील. ज्यांच्यासाठी कॅम्पर घ्यायची असं महिनाभर सांगितलं गेलं, त्यांचेच बर्थ रिकामे झाले.

काय झालं

निघाले त्या सकाळी सौंसरपर्यंत दाट धुकं. जामसावळीला दीड तास जास्त थांबले, ऊन पडल्यावर सिल्लेवानी चढले. पचमढीच्या दुसऱ्या रात्री थंडीनं पाण्याच्या पंपाचा दाब गेला. लॉजच्या बादल्या होत्याच. चौरागडाला त्रिशूळ वाहून मुलं खाली आली तेव्हा आजी खाली इतर बायांसोबत महादेवाची गाणी म्हणत बसली होती.

कॅम्परमध्ये सगळ्या रात्री झोपले ते तीन नातवंडं आणि धाकटा. वरचा बर्थ कोणाचा यावरून रोज भांडण. त्या चौघांच्या मते ही गाडी घेतल्याचं सार्थक झालं. भाड्याचा आकडा पाहून मोठा मुलगा तसं म्हणत नाही. त्याचा हिशेब असा की बोलेरो, आणखी एक साधी गाडी आणि तीन खोल्या निम्म्या पैशांत झाल्या असत्या. मला दोघांचंही पटतं. पण मोठी सून परत आल्यावर म्हणाली की लग्नानंतर पहिल्यांदा सलग पाच दिवस पोळपाट हातात धरला नाही, आणि ते कॅम्परशिवायही जमलं असतं.

आता धाकटा पचमढीच्याच श्रावणातल्या नागद्वार यात्रेचं विचारतो आहे, हीच गाडी घेऊन. मी नाही म्हटलं. नागपंचमीच्या त्या दिवसांत घाटात पाऊस, दरडी, आणि विदर्भातून येणाऱ्या गाड्यांची इतकी दाटी की मोठं वाहन मधेच अडकतं. शिवाय नागद्वारची वाट डोंगर चढ-उतारून पायीच चालायची आहे. नागपूरहून बस धर, पाठीवर एक पिशवी घे, आजी-आजोबांना घरी ठेव. त्या आठवड्यात सोयाबीनला फवारणी आहे का ते आधी बघ.